कॉन्झर्वेशन एरियात २० मीटरचा मोबाईल पोल: हरकत कशी लिहायची?

पिंपळपान

इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. जागा लंडनच्या वायव्येकडच्या एका बरोमधली (बरो म्हणजे एका काउन्सिलचा विभाग), कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जुन्या रूपासाठी कायद्याने जपलेल्या भागात. एडवर्डियन काळातली विटांची दुमजली घरं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाइमची झाडं (लिंबाची नव्हेत, टिलियाची). कोपऱ्यावरच्या फुटपाथवर मोबाईल टॉवरचा अर्ज आला आहे. शीर्षक जसंच्या तसं: '२०.० मीटर फेज ८ मोनोपोल, सी/डब्ल्यू रॅपराउंड कॅबिनेट अ‍ॅट बेस'. म्हणजे एकच सरळ खांब, बुंध्याभोवती उपकरणांच्या पेटीसह. शिवाय वेगळी तीन कॅबिनेट. साठेक मीटरवर ग्रेड २ लिस्टेड, म्हणजे संरक्षित वारसा-इमारत असलेलं चर्च आहे, पुढच्या वळणावर प्राथमिक शाळा.

काउन्सिलला अर्ज ३ मार्चला मिळाला, दिव्याच्या खांबावर नोटीस १४ मार्चला लागली. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १४० सह्यांचं निवेदन तयार आहे. मुद्दे तीन: ५जी मुळे आरोग्याला धोका, घरांच्या किमती पडतील, आणि इथे सिग्नल चांगला असल्यामुळे टॉवरची गरजच नाही. एवढ्यावर भागेल का? आणि 'प्रायर अप्रूव्हल' म्हणजे नेमकं काय? ही नेहमीची प्लॅनिंग परवानगी दिसत नाही.

नकाशेवाला

निवेदन आहे तसं पाठवू नका. तिन्ही मुद्दे फुकट जाणार आहेत, आणि खरे मुद्दे त्यात एकही नाही.

आधी प्रायर अप्रूव्हल. टॉवर उभारायची परवानगी सरकारने २०१५ च्या जीपीडीओ आदेशातच (ठरावीक बांधकामांना आधीच सरसकट परवानगी देणारा आदेश) देऊन ठेवली आहे (दुसरी अनुसूची, भाग १६, वर्ग 'अ'). म्हणजे 'टॉवर हवा की नको' हा प्रश्न काउन्सिलपुढे नसतोच. काउन्सिलने पाहायचं ते दोनच गोष्टी: जागा आणि रूप. हरकतीतलं प्रत्येक वाक्य या दोनपैकी एका खुंटीला टांगता आलं पाहिजे. टांगता येत नसेल तर वाक्य खोडा.

उंचीवर कायद्याचा आधार घेऊन भांडता येणार नाही. ४ एप्रिल २०२२ पासून कॉन्झर्वेशन एरिया, नॅशनल पार्क वगैरे संरक्षित जमिनीवर, तसंच कुठल्याही हायवेवर, २५ मीटरपर्यंतचा मास्ट या आदेशात बसतो. त्याआधी ही मर्यादा २० होती. इतर मोकळ्या जमिनीवर आता ३० आहे. (हायवे म्हणजे एम-१ नव्हे, कायद्याच्या भाषेत तुमच्या गल्लीचा फुटपाथही हायवेच.) ही उंची अँटेना सोडून मोजतात, म्हणून नकाशात २० चा आकडा पोलच्या टोकाला लिहिलाय की अँटेनाच्या टोकाला, ते पाहून घ्या. रूपाच्या युक्तिवादात तो फरक कामाला येतो.

मग कॉन्झर्वेशन एरियाचा उपयोग काय? उपयोग असा की १९९० च्या लिस्टेड बिल्डिंग कायद्याचं कलम ७२ लागू होतं: त्या भागातल्या जमिनीबाबत कुठलाही नियोजनविषयक निर्णय घेताना त्याचं स्वरूप किंवा रूप टिकवण्याकडे वा सुधारण्याकडे 'विशेष लक्ष' द्यावं लागतं. मात्र एक गोष्ट आजच तपासा: हद्दीची रेष. पुष्कळदा ती रस्त्याच्या मधून किंवा घरांच्या कुंपणावरून जाते, आणि पोल ज्या फुटपाथवर आहे तो रेषेच्या चार फूट बाहेर असतो. बाहेर असेल तर कलम ७२ लागत नाही. मग फक्त परिसराच्या, म्हणजे 'सेटिंग'च्या धोरणावर विसंबावं लागतं, आणि तो हात बराच हलका. काउन्सिलच्या संकेतस्थळावर हद्दीचा नकाशा असतो. सोबत 'कॉन्झर्वेशन एरिया अप्रेझल' नावाचा दस्तऐवज असतो, तो ओळ न् ओळ वाचा. 'महत्त्वाची दृश्यं' किंवा 'सलग छपरांची रेषा' असलं काही त्यात तुमच्या रस्त्याबद्दल लिहिलेलं असेल, तर हरकतीचा कणा तिथेच मिळाला.

आता घड्याळ. काउन्सिलकडे ५६ दिवस असतात, आणि अर्ज मिळाला तो दिवस पहिला धरतात. ३ मार्च पहिला, तर ५६ वा दिवस २७ एप्रिल. तोवर अर्जदाराला लेखी निर्णय कळवला नाही तर पोल मंजूर झाल्यासारखाच! नकार लिहून तयार आहे पण पाठवायचा राहिला, तरीही तेच. अर्जदाराची लेखी संमती असेल तर मुदत वाढवता येते, काउन्सिलला एकतर्फी वाढवता येत नाही. म्हणून केस ऑफिसरला (अर्ज हाताळणाऱ्या काउन्सिलच्या अधिकाऱ्याला) आणि तुमच्या वॉर्डाच्या काउन्सिलरला एप्रिलच्या मध्यालाच मेल टाका: 'निर्णय कोणत्या तारखेला आणि ईमेलने जाणार आहे ना?' उद्धट वाटलं तरी विचारा.

तुमच्या हरकतीची मुदत नोटिशीपासून २१ दिवस, म्हणजे ४ एप्रिल धरून चाला. उशिरा आलेली पत्रं निर्णयापर्यंत बहुधा वाचली जातात, पण त्यावर विसंबू नका.

हिरवी_चिंच

आरोग्याचा मुद्दा एवढा सहज का सोडायचा? भारताने २०१२ मध्ये टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. भारतात जमतं तर इथे शाळेजवळ तशी मागणी का करू नये?

नकाशेवाला

@हिरवी_चिंच, मागणी खासदाराकडे जरूर करा. काउन्सिलच्या हातात ते नाही. भारतात ती मर्यादा केंद्राच्या दूरसंचार विभागाने आणली, महापालिकांनी नव्हे. इथे राष्ट्रीय नियोजन धोरणात (एनपीपीएफ) स्पष्ट लिहिलंय: काउन्सिलने इक्निर्प या किरणोत्सर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मर्यादेपेक्षा वेगळी आरोग्यमर्यादा लावू नये, टॉवरच्या गरजेवर प्रश्न विचारू नये, कंपन्यांमधली स्पर्धा अडवू नये. ५जी ज्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं तिथे इक्निर्पच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्वसामान्यांसाठी मर्यादा १० वॅट प्रति चौरस मीटर आहे. ती पाळू असं प्रमाणपत्र अर्जासोबत असलं की विषय जवळपास संपला. २००४ मध्ये हॅरोगेटच्या प्रकरणात अपील कोर्टाने हेच ठरवलं. तिथे शाळांजवळच्या पोलवरून पालकांना वाटणारी भीती हे कारण दिलं होतं, ते टिकलं नाही.

आरोग्यातून एवढंच मिळवता येतं: ते प्रमाणपत्र अर्जात आहे का, त्यावरचा पत्ता आणि ग्रिड रेफरन्स याच जागेचा आहे का, आणि शाळेशी अर्जाआधी केलेल्या सल्लामसलतीचा पुरावा जोडलाय का. दुसऱ्या जागेचं प्रमाणपत्र चुकून चिकटवलेलं सापडतं. सापडलं तर एका ओळीत लिहा आणि पुढे व्हा.

घरांच्या किमती: खाजगी हित, विचारातच घेत नाहीत.

अँटेनावाला

मी तिकडच्या, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या बाजूचं आराखड्याचं काम करतो, म्हणून खांब असे का येतात ते सांगतो. कारण कळल्याशिवाय कुठे दाबायचं ते कळत नाही.

३.५ गिगाहर्ट्झची लहर पानांतून आणि विटांतून नीट जात नाही. अँटेना झाडांच्या शेंड्याच्या वर नसेल तर उन्हाळ्यात कव्हरेज आक्रसतं. शिवाय ५जी ची सक्रिय अँटेना आणि २जी/४जी ची जुनी अँटेना एकाखाली एक बसवतात, त्यात दोनेक मीटरहून जास्त जातात. अँटेनासमोर ठरावीक अंतरात माणसाने यायचं नसतं, म्हणून समोरच्या वरच्या मजल्याच्या खिडकीपेक्षाही ती उंच हवी. या सगळ्याची बेरीज २० मीटरच्या आसपास येते. पण प्रत्येक जागी येतेच असं नाही. शेजारी दुमजली घरं (कौलाचा माथा ८-९ मीटर) आणि १२ मीटरची झाडं असतील तर १५ मीटरचा सडपातळ पोल का चालत नाही, हे अर्जदाराने त्या जागेपुरतं सांगायला हवं. बहुतेक अर्जांत 'किमान आवश्यक उंची' एवढे तीन शब्द असतात. हेच विचारा: झाडांची मोजलेली उंची किती? १५ मीटरला कव्हरेजचा नकाशा कसा दिसतो?

आणि हे खांब फुटपाथवरच का येतात? २०१७ च्या अखेरीस नवा इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स कोड आला. त्यात छपराच्या भाड्याचं मोजमाप असं बदललं की इमारतमालकांना मिळणारं भाडं खूप घसरलं. मालक नाराज झाले, नवीन छप्पर द्यायला तयार होईनात. फुटपाथवर कंपनीला कायद्यानेच हक्क, भाडं नाही. मग आराखडा करणारा सोपी वाट धरतो. हे मी कबूल करतो, कारण तुमची हरकत इथेच जिंकते: पर्यायी जागांच्या तक्त्यात.

अर्जात तो तक्ता असतो, सोडून दिलेल्या जागांचा: डी-१, डी-२, डी-३... प्रत्येकासमोर एका ओळीत नकाराचं कारण. 'फुटपाथ अरुंद', 'भूमिगत केबल', 'मालक तयार नाही', 'घरांच्या फार जवळ'. टेप घेऊन प्रत्येक जागी जा. 'अरुंद' लिहिलेला फुटपाथ प्रत्यक्षात निवडलेल्या जागेपेक्षा रुंद निघाला तर फोटो, टेपचा आकडा आणि अक्षांश-रेखांश द्या. 'मालक तयार नाही' असेल तर विचारा: कुणाला, कधी पत्र लिहिलं? 'घरांच्या फार जवळ' म्हणून सोडलेली जागा ३० मीटरवर असेल आणि निवडलेली १५ वर, तर तो तक्ता स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारतो.

नवीन मास्टसाठी आधीच्या इमारतीवर किंवा मास्टवर अँटेना बसवता येईल का याचा शोध घेतल्याचा पुरावा एनपीपीएफनुसार अर्जदाराला द्यावाच लागतो. ऑरेंज-व्होडाफोनच्या काळात प्रत्येकाचा वेगळा खांब असे; आता कॉर्नरस्टोन (व्होडाफोन आणि ओ२) आणि एमबीएनएल (ईई आणि थ्री) अशी वाटून घेतलेली जाळी आहेत, आणि मे २०२५ मध्ये व्होडाफोन आणि थ्री एकत्रही झाले. त्यामुळे 'याच कंपनीच्या ताब्यातली दुसरी साइट किती लांब आहे?' हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा जास्त बोचरा आहे.

फक्त एक सांभाळा. पर्याय सुचवताना तो शोधवर्तुळाच्या, म्हणजे कंपनीला जिथे अँटेना हवी त्या परिघाच्या आत असला पाहिजे. शहरात ५जी चं वर्तुळ काही शे मीटरांचंच असतं. मैलभर लांबची इंडस्ट्रियल इस्टेट सुचवली की बाकीचं पत्रही कुणी गंभीरपणे वाचत नाही.

चुनखडी

चर्चबद्दल. साठ मीटरवर ग्रेड २ चर्च आहे म्हणताय, तर दोन वेगळे मुद्दे होतात आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिला: पोलमुळे चर्चच्या परिसराला बाधा. त्यासाठी चर्चचं दृश्य कुठून कसं दिसतं ते फोटोने दाखवा. रस्त्याच्या टोकाशी उभं राहा, मनोरा आणि पोलची जागा एकाच चौकटीत येतात का? येत असतील तर तोच फोटो लावा. येत नसतील तर मुद्दा सोडून द्या, केस ऑफिसर जागेवर येतो तेव्हा त्याला दिसतंच.

दुसरा: चर्चचा मनोराच पर्याय म्हणून. हे ऐकून लोक हसतात, पण चर्च ऑफ इंग्लंडने फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारशी यासाठीच करार केला. मनोऱ्यातल्या लाकडी झडपा काढून तशाच दिसणाऱ्या फायबरग्लासच्या झडपा लावतात, कारण लहरी फायबरग्लासमधून जातात. अँटेना आत, बाहेरून काहीच दिसत नाही. त्यासाठी चर्चच्या स्वतःच्या न्यायालयाकडून 'फॅकल्टी' नावाची परवानगी लागते, वेळ जातो, वटवाघळं असतील तर त्यांची पाहणी करावी लागते. पण तक्त्यात चर्चचं नावच नसेल तर 'साठ मीटरवरच्या सर्वांत उंच इमारतीचा विचारही केलेला नाही' हे वाक्य फार जड पडतं. आधी व्हिकरला (चर्चच्या धर्मगुरूला) भेटून 'आम्हाला कुणी विचारलं नाही, विचारलं तर बोलायला तयार आहोत' असं दोन ओळींचं पत्र घ्या. ते नसेल तर नुसता तर्क.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. आज टेप घेऊन गेलो. फुटपाथ ३.१ मीटर. नकाशानुसार कॅबिनेट बसल्यावर मोकळी रुंदी १.३५ मीटर राहते. सर्वांत जवळचं लाइमचं झाड पोलपासून ४ मीटरवर, खोडाचा घेर दीड मीटर उंचीवर १.९ मीटर. रस्त्याला २० मैलांची मर्यादा आहे. हद्दीची रेष समोरच्या कुंपणावरून जाते, म्हणजे पोल आत आहे. अर्जातल्या फोटोमाँटाजमध्ये (रस्त्याच्या फोटोवर पोल चढवून केलेलं चित्र) झाडं गच्च हिरवी दाखवली आहेत.

नकाशेवाला

हे उत्तम. आता एकेक आकडा वापरा.

१.३५ मीटर: सरकारच्या 'इन्क्लुझिव्ह मोबिलिटी' मार्गदर्शिकेत फुटपाथची मोकळी रुंदी साधारणपणे किमान २ मीटर, जागाच नसेल तर १.५, आणि अडथळ्यापाशी थोड्या अंतरापुरती १ मीटर असं आहे. अर्जदार १ मीटरचा आधार घेईल. तुम्ही लिहा की हा एक अडथळा नसून पोल आणि चार कॅबिनेटची रांग आहे. ती किती मीटर लांब आहे ते नकाशावरून मोजा. ६ मीटरपेक्षा लांब असेल तर तो आधार सुटतो. दोन बाबागाड्या समोरासमोर आल्या तर एक रस्त्यावर उतरते, आणि तीही शाळेच्या वाटेवर. हा 'जागे'चा मुद्दा आहे, सुरक्षेचा आहे, आणि आरोग्यासारखा झटकता येत नाही. कॅबिनेटची दारं उघडी असताना किती जागा उरते हेही पाहा, नकाशात ती नेहमी बंदच असतात.

कोपरा आहे तर दृष्टिपथ तपासा. २० मैलांच्या रस्त्यावर आडगल्लीतून बाहेर पडणाऱ्या चालकाला, छेदरेषेपासून (मुख्य रस्त्याच्या कडेपासून) २.४ मीटर मागे बसून, दोन्हीकडे २५ मीटर दिसलं पाहिजे. दीड मीटर उंचीची कॅबिनेट त्या त्रिकोणात येतात का ते नकाशावर पट्टीने काढा.

झाड: घेर १.९ म्हणजे व्यास साधारण ६० सेंटिमीटर. बीएस ५८३७ या मानकात मुळांचं संरक्षित क्षेत्र खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं, म्हणजे ७.२ मीटर. पोलचा पाया ४ मीटरवर. अर्जात झाडांचा अहवाल जोडलेला नसेल तर ही मोठी फट आहे. पत्रात असं मांडा: मुळं तुटून झाड खंगलं तर पोल लपवणारं एकमेव आवरण जाईल, आणि कॉन्झर्वेशन एरियाच्या रूपाचा एक भागही. दोन्ही खुंट्यांना एकाच वेळी टांगलेला मुद्दा.

फोटोमाँटाज: लाइमची पानं नोव्हेंबर ते एप्रिल नसतात. हिवाळी दृश्य मागा. आत्ता मार्चच आहे, झाडं उघडी आहेत, उद्याच जाऊन फोटो काढा. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, ५० मिमी लेन्स (पूर्ण आकाराच्या सेन्सरवर). मोबाईलच्या वाइड लेन्सने काढला तर पोल लहान दिसतो, आणि उलट झूम केलात तर तुमच्यावर अतिशयोक्तीचा आरोप. चौकटीत दिव्याचा खांब येऊ द्या, त्याची उंची काउन्सिलच्या रस्ते विभागाकडून विचारून लिहा. ८ मीटरच्या दिव्याशेजारी अडीचपट उंच पोल, हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

अँटेनावाला

एक दुरुस्ती वजा भर. 'रूप' म्हणून रंगावर भांडू नका. हिरवा, काळा, करडा करून देऊ म्हणून अर्जदार लगेच तयार होतो, आणि मग काउन्सिलला वाटतं की तडजोड झाली. रंगाने २० मीटर लपत नाही. आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळा तर सर्वांत जास्त उठून दिसतो, फिकट करडा त्यातल्या त्यात बरा. वरच्या भागाच्या जाडीवर बोला. नकाशात पोलच्या बुंध्याचा व्यास आणि अँटेनाच्या भागाची रुंदी दोन्ही दिलेली असतात. खाली सडपातळ आणि वर जाड अशी ती गदा दिसते, आणि छपराच्या वर दिसणारा भाग नेमका गदेचा गोळाच असतो.

चुनखडी

पत्राच्या शेवटी तोलाचा परिच्छेद हवाच. अपिलावर निर्णय देणारे इन्स्पेक्टर असा विचार करतात: हानी आहे का? आहे. 'सब्स्टॅन्शियलपेक्षा कमी', म्हणजे फार मोठी नसलेली का? जवळजवळ नेहमीच हो. मग ती सार्वजनिक लाभाशी तोलायची. चांगल्या नेटवर्कचा लाभ सरकारी धोरणात ठळक आहे, तो नाकारू नका, नाकारलात तर हट्टी दिसाल. लिहा: 'लाभ मान्य आहे, पण कमी हानीच्या जागा नीट तपासल्याच नसल्यामुळे ही हानी अपरिहार्य असल्याचं सिद्ध झालेलं नाही.' जागा ठरवताना पर्याय पाहणं गैर नाही, हे २००३ च्या फिलिप्स खटल्यात हायकोर्टाने मान्य केलं आहे. स्थानिक विकास आराखड्याचं धोरण उद्धृत करताना जागा आणि रूप यांना स्पर्श करणारा भागच घ्या, प्रायर अप्रूव्हलमध्ये बाकीच्याला वजन नाही.

१४० सह्यांपेक्षा स्वतःच्या शब्दांतली बारा पत्रं बरी. कुणी फुटपाथ घ्या, कुणी झाड, कुणी चर्चचं दृश्य. एकच मजकूर सगळ्यांनी पाठवला तर तो एकच मुद्दा म्हणून मोजला जातो.

पिंपळपान

आणि काउन्सिलने नाकारलं तरी अपील होणारच ना? मंजूर केलं तर आम्हाला अपील आहे का?

नकाशेवाला

नकारावर अपील फक्त अर्जदाराला, सहा महिन्यांच्या आत, प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे. तुमची आत्ताची पत्रं इन्स्पेक्टरकडे आपोआप जातात, म्हणूनच सगळे आकडे पहिल्याच पत्रात घाला.

मंजुरीवर रहिवाशांना अपील नाही. उरतं ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णय कायदेशीर आहे का याची कोर्टातली तपासणी), तेही सहा आठवड्यांत, आणि तिथे 'निर्णय चुकीचा' चालत नाही, 'निर्णय बेकायदा' लागतं: उदाहरणार्थ ऑफिसरच्या अहवालात कलम ७२ चा विचारच झालेला नाही. पर्यावरणविषयक दावा म्हणून मान्य झाला तर हरल्यावर व्यक्तीवर पडणारा समोरच्याचा खर्च सहसा ५,००० पौंडांपर्यंत मर्यादित राहतो. स्वतःच्या वकिलाचा खर्च वेगळा.

मंजूर झालाच तर फाइल बंद करू नका. काम पाच वर्षांत सुरू व्हावं लागतं, आणि ते मंजूर नकाशाप्रमाणेच व्हावं लागतं. पोल उभा राहिल्यावर कुंपणापासूनचं अंतर आणि मोकळा फुटपाथ पुन्हा टेपने मोजा. खाली केबल सापडली म्हणून पाया अर्धा-पाऊण मीटर सरकवणं नेहमीचं आहे, आणि तुमच्याकडे १.३५ मधून सरकवायला जागा नाही. फरक निघाला तर फोटोसह काउन्सिलच्या एन्फोर्समेंट (नियमभंगावर कारवाई करणाऱ्या) विभागाकडे. आणि उपकरण वापरात नसेल तर ते काढून जागा पूर्ववत करण्याची अटही आदेशातच आहे. जवळपास कुठे याच कंपनीचा ३जी च्या काळातला मेलेला खांब उभा असेल तर त्याचा पत्ता याच पत्रात टाका.